बोट कोण चालवतं

“तीन,” प्राध्यापक प्यो म्हणाले. “उत्तर तीनच. चार वाजता पेपर छापखान्यात जाणार.”

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. थाक मी-ओकनं तेविसावा प्रश्न पुन्हा समोर ओढला. हॉटेलच्या या खोलीत खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवले होते. सत्तावीस दिवस तिघं इथंच पेपर काढत होती. फोन नाही, पत्र नाही. उष्ट्याचा कचरासुद्धा आवाराबाहेर जात नव्हता. देशातली पाच लाख मुलं प्रवेश परीक्षा देऊन उठली की मगच दार उघडणार होतं.

त्या पाच लाखांत मी-ओकची मुलगी होती.

आपलं मूल यंदा परीक्षेला नाही, असं प्रत्येकानं लिहून दिलं होतं. मी-ओकनं सही केली तेव्हा ते खरं होतं. दोनदा गुण कमी पडल्यावर सो-दामनं कॉलेजचा नाद सोडला होता. मग आत येण्याच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, “आई, मी फॉर्म भरलाय.” मी-ओकनं कुणालाच कळवलं नाही. आता कळलं तर तिची नोकरी जाणार होती आणि मुलीचा पेपर रद्द होणार होता.

प्रश्न ‘रन’ या शब्दाचा होता. तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द, पण कुठंही जाऊन बसणारा. मुलगा धावतो, नळ वाहतो, कपड्याचा रंग उतरतो, पुढारी निवडणूक लढवतो, सगळीकडे रन. उताऱ्यातली बेटावरची बाई नवरा बुडाल्यावर वीस वर्षं प्रवासी बोट चालवत होती. त्याच अर्थाचा ‘रन’ खालच्या पाचांपैकी कोणत्या वाक्यात आहे? तिसऱ्या वाक्यात काका हॉटेल चालवत होते. चौथ्यात कामगार यंत्र चालवत होता.

“बाई बोटीचा धंदा चालवते, काका हॉटेलचा,” प्यो म्हणाले. “अडचण काय आहे?”

“सर, ती स्वतःच सुकाणू धरत असेल तर? मग उत्तर चार येतं. उताऱ्यात दोन्ही बसतं.”

“बाई, तुमची ही शंका इतकी म्हातारी झालीय,” तरुण नामगुंग म्हणाला, “की बसमध्ये उठून जागा द्यावी लागेल तिला.”

दाराशी बसलेला पहारेकरी हसला. मी-ओक हसली नाही. तिनं शब्दकोश उघडून पुढं सरकवला. ‘रन’ला सहा पानं होती. दोन्ही अर्थ एकाखाली एक.

“कोश मलाही वाचता येतो. चार कोण लिहील ते सांगा. मूल दाखवा, प्रश्न काढतो.”

ही तिथली रीत होती. आक्षेप घ्यायचा तर तसं उत्तर खरोखर लिहिलेल्या एका विद्यार्थ्याचं नाव द्यायचं. नाव, शाळा, वर्ष. परीक्षेनंतर ते तपासलं जाई. नामगुंगनं आपल्या वर्गातली अकरा नावं आतापर्यंत दिली होती. मी-ओक दोन वर्षं शिक्षण कार्यालयात काम करत होती. तिला वर्गच नव्हता.

तीन सत्तावीस.

“नाव नाही ना? मग करा सही,” प्यो जरा मवाळपणे म्हणाले. “राखीव प्रश्न आहे, पण तो तपासायलाही वेळ हवा. आणि मला घरची किमची खायचीय हो. इथली म्हणजे नुसता खारट पाला आहे.”

दोन सह्या झाल्या होत्या. तिसरी जागा रिकामी होती. मी-ओकनं पेन उघडलं. सही केली की झालं. कुणी काही विचारणार नव्हतं.

तिनं आक्षेपाचा कागद ओढून घेतला. सॉल सो-दाम, असं लिहिलं. शाळा लिहिली. वर्ष मागचं लिहिलं. नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं.

प्योंनी कागद दोनदा वाचला.

“यंदा बसलीय?”

“हो सर.”

पहारेकरी उठून उभा राहिला. नामगुंग खाली मान घालून कागद सारखे करू लागला. सारखे झालेले कागद त्यानं पुन्हा सारखे केले.

प्योंनी लाल पेनानं तेविसावा प्रश्न खोडला. राखीव प्रश्नाचं पाकीट फोडलं. मग चष्मा काढून ते म्हणाले, “म्हणजे हा सगळा आटापिटा लेकीच्या दोन गुणांसाठी. ते तरी कुठं मिळणार आता! पेपरच जाणार तिचा.”

“हा प्रश्न राहिला असता तर ते गुण तिला मिळाले असते, सर. गेल्या वर्षी सराव परीक्षेत असंच वाक्य होतं. माझी आई अजून स्वतः बोट हाकते, ते बघून पोरीनं यंत्राचं उत्तर लिहिलं. मी तिला दोन तास रागावले. आता ती हॉटेलचंच लिहिते.”