छापील पुरावा

जिल्ह्याच्या चरित्रकोशासाठी आमचे नियम दोनच होते. माणूस हयात नसावा आणि त्याच्याबद्दल कुठंतरी छापून आलेलं असावं. अर्जावर सही करणारे माजी हवालदार बजरंग फडतरे तर समोरच बसले होते.

“काका, हयात माणसांची नोंद आम्ही घेत नाही,” मी अर्ज परत करत म्हटलं. “तुम्ही आधी शंभरी गाठा.”

ते हसले नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एकाहत्तर सालचं कात्रण त्यांनी टेबलावर ठेवलं. सीमेवरची चौकी एकट्याने राखताना जवान बजरंग फडतरे यांना वीरमरण, अशी बातमी होती.

“त्या दिवशी मी तापानं फणफणलो होतो, मॅडम. माझी पाळी सर्जेराव घाडगेनं घेतली. थंडी फार, म्हणून जाताना माझा कोट घालून गेला. खिशात माझं ओळखपत्र होतं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “फौजेनं चार दिवसांत चूक सुधारली. पेपरनं नाही. मी परतलो तर गावानं वाजतगाजत मिरवणूक काढली. त्याच्या आईला नुसती तार गेली.”

मी अर्ज पुन्हा उघडला. मघाशी सही बघूनच मी थांबले होते. वर, नोंद घ्यायच्या व्यक्तीच्या नावापुढं लिहिलं होतं, सर्जेराव घाडगे.

“यांच्याबद्दल छापील काही आहे?” मला विचारावंच लागलं.

त्यांनी कात्रण माझ्याकडं सरकवलं.

“एवढंच आहे. नाव तेवढं माझं पडलंय.”