जमदग्नीच्या हॉटेलात

टीव्हीवर ताटं भिरकावणारा तो जमदग्नी शेफ स्वतःच्या हॉटेलात मात्र एका जोडप्याच्या टेबलापाशी येऊन शांतपणे विचारत होता, "जेवण कसं वाटलं?"

"जेवण झकास आहे हो," नवरा म्हणाला. "पण आज तुम्ही कुणावर ओरडलाच नाहीत! एवढे पैसे मोजले ते काय नुसतं जेवायला? ती पीठ मळतेय ना, तिला झापा की जरा."

स्वयंपाकघराच्या काचेपलीकडे पीठ मळणाऱ्या बाईचे हात थबकले.

"तिची काही चूक नाही," शेफ म्हणाला.

"मग काढा एखादी. चूक काढायला काय लागतं?"

शेफने हाताची घडी घातली. "जमणार नाही. हवं तर पैसे परत घेऊन जा."

इतका वेळ खाली मान घालून जेवणाऱ्या बायकोने चमचा ठेवला.

"पैसे राहू द्या, शेफ. यांना ॲप्रन द्या आणि आत पीठ मळायला उभं करा. चुका काढायचं माझ्याकडे लागलं. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळच्या जेवणाला यांच्याकडून तेवढंच तर शिकलेय."