नात्याचा रकाना

समन्सच्या मागच्या बाजूला सही होती. ममताने आधी अक्षर पाहिलं. गोल, नेटकं, एका ओळीत बसलेलं. नाव मग वाचलं: इरावती. त्यापुढे लिहिलं होतं, 'मकान मालकिन'.

"हे पहिलं समन्स," अनंतराव वकील म्हणाले. "हे सोपं आहे, वहिनी. घरमालकीण काही घरचं माणूस होत नाही. तिच्या हाती दिलेलं समन्स नरेशभाऊंना पोचलं असं धरता येत नाही. हा निकाल रद्द होऊन जाईल."

रायपूर कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. नरेश शेजारच्या खुर्चीत बसून समोरच्या स्कूटर पाहत होता. त्याने दोन फायनान्स कंपन्यांचं कर्ज थकवलं आणि तो एकाही तारखेला कोर्टात गेला नाही. दोन्ही निकाल एकतर्फी लागले. आता चौबे कॉलनीतल्या घरावर जप्ती येणार होती. त्या घरात ममता आणि तिची मुलगी स्वरदा राहत होत्या. दोन्ही समन्स मात्र गुढियारीतल्या खोलीच्या पत्त्यावर गेली होती. ती खोली गोडाऊनच्या कामासाठी घेतली आहे, असं नरेशने सांगितलं होतं, आणि ममताने ते चार वर्षं मानलं होतं.

अनंतरावांनी दुसरं समन्स पुढे सरकवलं. आठ महिन्यांनंतरचं. तेच अक्षर, तीच सही. पुढे लिहिलं होतं, 'पत्नी'.

ममताने तो कागद उलटा करून बोट फिरवलं. सहीपाशी काही लागलं नाही. त्या एका शब्दापाशी मात्र उठाव लागला. पेन दाबून लिहिलं होतं.

"काहून लिहिलं हिनं असं?"

"ते तिलेच माहीत. पण बायकोनं घेतलं म्हणजे नवऱ्याला मिळालं, कोर्ट असंच धरते. म्हणून शपथपत्रं पाहिजेत. नरेशभाऊ लिहून देतील, ही बाई माझी कोणी नाही, समन्सचं मले माहीत नव्हतं. तुम्ही लिहून द्याल, बायको मी आहे."

"देते न," ममता म्हणाली. "दोनदा देते."

अनंतरावांच्या मुन्शीने, भैय्यालालने, टाइप केलेले कागद आणून ठेवले. "भैया, आप यहाँ. भाभीजी, आप यहाँ."

नरेशने पेन घेतलं. वाचत वाचत तो 'कोणी नाही'पर्यंत आला आणि थांबला.

"वकीलसाहेब, तिले बोलावतील का कोर्टात?"

"बोलावू शकतात. बायको काहून लिहिलं, विचारतील."

नरेशने पेनाला टोपण लावलं.

"करा न सही," ममता म्हणाली. "कोणीच नाही न तुमची? मग तिच्यासाठी काहून घाबरून राहिले?"

"हे दुसरं आलं त्या दिवशी मी घरीच होतो," नरेश कागदाकडे पाहत म्हणाला. "दार मीच उघडलं. सही करायला मी तिले पुढं केलं."

त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"नातं लिहा म्हणाला तो समन्सवाला. तर तिनं मले विचारलं, काय लिहू."

'घरी' म्हणाला होता तो. चार वर्षांत ममताने त्याच्या तोंडून त्या जागेसाठी 'खोली' हाच शब्द ऐकला होता.

अनंतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "घर वाचवायचं असेल तर दोघांच्या सह्या लागतील. वहिनी, तुमचं तर होऊन जाऊ द्या. नात्याचा रकाना कोरा ठेवला आहे, तो तुमच्या हातानं भरा."

ममताने पेन उचललं. टोपण काढलं, पेन रकान्यावर टेकवलं. लिहिलं मात्र नाही. ती नरेशकडे वळली.

"मीही विचारूनच लिहिते," ती म्हणाली. "सांगा, काय लिहू?"