समोरच्या टॉवरमधला ओनील

परळच्या व्यापारी संघाची अध्यक्ष डोरिस मिस्किटा भाषणात रंगली होती. "गिरण्या गेल्या तेव्हा लोक म्हणाले, परळ संपलं. आता बघा, जिकडेतिकडे ऑफिसं. माझ्या बेकरीत संध्याकाळी पाव उरत नाही. माझा मुलगा ओनील समोरच्याच टॉवरमध्ये कामाला आहे. या शहरात कामाला तोटा नाही." टाळ्या पडत असतानाच केटररची माणसं चहा घेऊन आत आली. त्यांतला एक जण पहिल्या रांगेजवळ जागीच थांबला. काळं जाकीट घातलेला, हातात ट्रे धरलेला तो ओनील होता. सकाळीच तो ऑफिसची बॅग खांद्याला लावून, तिनं दिलेला डबा घेऊन घरातून निघाला होता. डोरिसनं माईक खाली ठेवला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिला दिसला नाही. ती मंचाच्या पायऱ्या उतरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कधीपासून?" तिनं विचारलं. "ईस्टरनंतर कंपनीनं काढलं, ममा. अर्धं डिपार्टमेंट गेलं. आज केटररनं दादरचं काम सांगून इथे आणलं." "मला का नाही बोललास?" "तू सगळ्यांना माझं कौतुक सांगत होतीस. मग कसं बोलणार?" तो ट्रे घेऊन पुढे निघाला. तिनं ट्रेची दुसरी बाजू धरली. संघाचे सचिव घाईघाईनं जवळ आले. "कोण आहे हा, मॅडम? काही त्रास देतोय का?" "माझा मुलगा आहे," ती म्हणाली. मग ट्रे न सोडता ती सभेकडे वळली. "भाषण राहू द्या. चहा घ्या."