खळवाडीचा पंचनामा

माळाच्या पश्चिम अंगाला छबूबाईचं रान होतं, पाच एकर सात गुंठे. त्यात एक खोपट, दोन लिंबाची झाडं, नऊ शेळ्या आणि अकरा खळी. प्रत्येक खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याच्याभोवती कणसं तुडवत फिरणारी बैलांची पात. अकरातलं एकही खळं छबूबाईचं नव्हतं. तिची ज्वारी थोडकी, ती काठीनं बडवून घ्यायची.

बाकीचं शिवार काळं. काळ्या रानात खळं केलं की दाणा भेगांत जातो. म्हणून तिचा नवरा होता तेव्हापासून, वीस वर्षं, लोक तिच्या मुरमावर मळणी करत होते.

त्या सकाळी खळ्यांच्या कडेला ओव्हरसियर खुर्ची टाकून बसला होता. लढाईच्या काळात माळावर विमानांसाठी धावपट्टी केलेली होती. ती आता तीनशे वार वाढवायची होती. पूर्वेला वाढवली तर खळेकऱ्यांचीच अकरा काळी रानं जाणार होती. त्यांना नोटिसा येऊन आठवडा झाला होता. पश्चिमेला छबूबाईचं रान होतं.

"ही जागा कुणाच्या मालकीची नसली," ओव्हरसियर म्हणाला, "तर भरपाई द्यावी लागणार नाही, आणि पूर्वेच्या नोटिसा मी मागं घेतो."

एकेक करत अकरा पाती थांबल्या.

कागद बघावा तर पोलीस ॲक्शनच्या साली चावडी जळाली, तिच्यात गावाचं दप्तर गेलं. आता माणसांचं सांगणं हाच कागद होता. ओव्हरसियरनं छबूबाईला पुढं बोलावलं.

"बाई, खळ्याबद्दल या लोकांकडून काय घेता?"

छबूबाईला प्रश्न आवडला. तिनं पदर सारखा केला. "काई न्हाई साहेब. खळ्यावर लक्ष्मी असती. तिथं कुनी मागून घेतं का?"

"दाणा, कडबा, काहीच नाही?"

"सूपभर दाने घेऊन येत्यात, तर मीच वापस करते. इचारा की ह्यास्नी."

"कधी कुणाला अडवलं?"

"एकदाबी न्हाई."

"खरं हाय साहेब," आप्पाराव म्हणाला. तो तिचा चुलत दीर, पहिलं खळं त्याचं. "लय मोठ्या मनाची हाय आमची वैनी. शेळीला अडवंल, मानसाला न्हाई अडवायची."

लोक हसले, छबूबाईही हसली. कारकुनानं तिचं बोलणं उतरवून घेतलं. खाली अंगठा लागेल म्हणाला, तर तिनं तो स्वतःहून पुढं केला.

मग कारकून उभा राहिला आणि पंचनामा वाचू लागला. या जागेवर गाव वहिवाटीनं मळणी करीत आहे. त्याबद्दल कोणी काही घेत नाही. कोणी कोणास अडवीत नाही. सबब ही जागा गावाची खळवाडी असून तीवर कोणाची खाजगी मालकी नाही.

छबूबाईनं आप्पारावकडं पाहिलं. "भावजी, वाचताना चुकलं जनू त्यांचं."

आप्पाराव बैलाच्या मानेवरची गोचीड काढत होता. "समदे खळवाडीच म्हनत्यात, वैनी. तुमीबी म्हनता की."

"म्हनते. पन रान माझं हाय. मालकानं घेतलं तवा मुंजाजीमामा साक्षीला होते. मामा, सांगा की ह्यास्नी."

मुंजाजी गावात सगळ्यांत म्हातारा. त्याची तीन एकर पूर्वेला होती, नोटिशीत चौथं नाव त्याचं. तो खळ्यातलं एक कणीस उचलून चोळत राहिला. दाणे हातात आले तरी चोळत राहिला.

"लय वर्सं झाली, पोरी," तो म्हणाला. "मला आता ध्यानात न्हाई."

मग त्यानं कारकुनाला विचारलं, "अंगठा डावा का उजवा?"

त्याच्यामागं बाकीचे दहा आले. शाईचे अंगठे कडब्याला पुसून जो तो आपल्या पातीकडं गेला. बैलं पुन्हा फिरायला लागली.

संध्याकाळी छबूबाई शेळ्या चारून परतली, तर खोपटाच्या दारापुढं ज्वारीचे ढीग होते. सूपभर एकेक, नीट पाखडलेले, अकरा. तिनं शेळ्या लांब लिंबाला बांधल्या आणि ढिगांना वळसा घालून आत गेली. दोन दिवसांत पाखरांनी ते संपवले.

पाऊस लागायच्या आत खोपट मोडलं, लिंबाची दोन्ही झाडं पाडली, पाच एकरांवर रूळ फिरला. छबूबाईनं पाथरीच्या सडकेकडेला नवं खोपट घातलं. शेळ्या चारच राहिल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हैदराबादहून पहिलं विमान आलं. लांबवरच्या गावांतून माणसं बघायला जमली होती. छबूबाईही आली, गर्दीपासून जरा दूर उभी राहिली.

"वैनी, हिकडं या," आप्पारावनं हाक मारली. "हितून समदं दिसतंय."

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

वारा पश्चिमेचा होता, म्हणून विमान पूर्वेकडून, त्या अकरा जणांच्या कापसावरून खाली आलं. टेकलं, चिखलपाणी उडवत पळालं, हळू झालं आणि थांबलं.

ओव्हरसियरनं मोजायची फीत मागवली. जुनी पट्टी पश्चिमेला जिथं संपायची तिथला दगड अजून जागेवर होता. एकानं दगडापाशी टोक धरलं, दुसरा फीत घेऊन विमानाकडं गेला. फीत पुन्हा पुन्हा उचलून पुढं धरावी लागली. कारकुनानं वहीत आकडा लिहिला आणि साहेबांना वाचून दाखवला.

चाकं दगडाच्या एकशे चाळीस फूट अलीकडे, जुन्या पट्टीवरच थांबली होती.