परवानगी नाही

क्रेगने सहीसाठी पेन पुढे केलं, तेव्हा लोर्नाचे हात केसांच्या रंगाने माखलेले होते.

"पुसून घ्या, घाई नाही," तो म्हणाला. घाई होती. बाहेर मोजणीवाला दोन खुंट्या ठोकून तिसरी हातात धरून उभा होता, आणि ती तिसरी बरोबर लोर्नाच्या पार्लरच्या दारात यायची होती.

पार्लर म्हणजे पत्र्याची एक खोली. दोन खुर्च्या, एक आरसा, एक बेसिन. ऑस्ट्रेलियातल्या या हॉर्शम गावातल्या अर्ध्या बायकांची पिकली डोकी इथेच काळी, तांबडी आणि एकदा चुकून हिरवी झाली होती. लोर्नाच्या दोन्ही मुली याच खोलीवर शिकून मोठ्या झाल्या. फक्त खोली उभी होती ती शेजारच्या मर्व्ह टलकच्या जागेत. सोळा वर्षांपूर्वी वादळात कुंपण आडवं झालं, ते लोर्नाने अंदाजाने पुन्हा घातलं. अंदाज चार मीटरने चुकला. असे अंदाज सहसा आपल्याच बाजूने चुकतात.

मर्व्ह नकाशा घेऊन आला, तोवर खोलीवर पत्रे चढले होते. लोर्ना रडकुंडीला आली. जागा विकता का? नाही. मग भाडं घ्या. भाड्याचं पाकीट कुंपणावरून भिरभिरत परत आलं. निदान 'राहा' तरी म्हणा.

"परवानगी नाही," मर्व्ह म्हणाला.

"मग काय, पाडू खोली?"

"ते मी कशाला सांगू? माझी परवानगी नाही, एवढं डोक्यात ठेव."

असा तो माणूस. त्या गल्लीत 'घे की, विचारतेस काय' म्हणायला कुणाला क्षणभर लागत नाही. गवत कापायचं यंत्र मागा, ट्रेलर मागा, नवरा तासाभरासाठी नळ दुरुस्तीला मागा. मर्व्हच्या तोंडून मात्र कधी साधा होकार फुटला नाही. दर नाताळला लोर्ना खोबऱ्यात घोळलेल्या लॅमिंग्टन केकचा डबा आणि परवानगीसाठी सही केलेला अर्ज घेऊन त्याच्या दारात जायची. डबा तो ठेवून घ्यायचा. अर्ज न वाचता बार्बेक्यूच्या निखाऱ्यात सारायचा. मग टपालवाल्याच्या देखत कुंपणाशी येऊन ओरडायचा, "या बाईला मी परवानगी दिलेली नाही. देणारही नाही." टपालवाल्यालाही ते पाठ झालं होतं. खुर्चीतल्या बायका हसायच्या. लोर्नाला हसू यायचं नाही. रोज सकाळी कुलूप काढताना तिला आपण चोर आहोत असं वाटायचं.

मागच्या नाताळला तो ओरडला नाही. दोन लॅमिंग्टन उभ्या उभ्या खाल्ले, 'खोबरं कमी पडलंय' म्हणाला आणि आत गेला. म्हातारा थकला, लोर्नाला वाटलं. गेल्या महिन्यात तो वारला, आणि आता हा त्याचा पुतण्या क्रेग जागा विकायला आला होता.

कागदावर एकच वाक्य होतं. 'कै. मर्व्ह टलक यांनी मोठ्या मनाने दिलेल्या परवानगीने मी ही जागा वापरली.'

"एवढंच," क्रेग म्हणाला. "म्हणजे तुमच्यावर चोरीचा डाग नको आणि काकाचंही नाव राहील. सामान हलवायला मी दोन महिने देतो."

लोर्नाने हात पुसले आणि पेन घेतलं. सोळा वर्षं मागितलेला शब्द छापून समोर आला होता. आता सही केली की खोली गेली, पण चोरपणही गेलं. पेन टेकवलं, आणि तिची नजर 'मोठ्या मनाने'वर अडली.

"मोठं मन? मर्व्हचं?" ती म्हणाली. "त्या खवटाने मला परवानगी दिली नाही, क्रेग. एकदाही नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर असलं खोटं मी नाही लिहायची. त्यालाच आवडलं नसतं."

दुसऱ्या खुर्चीतून मासिक मिटल्याचा आवाज आला. डोकंभर चकचकीत फॉईल गुंडाळून तिथे वासिलियू बाई बसल्या होत्या. गावात वकिली करायच्या.

"एकदाही नाही?" त्यांनी विचारलं.

"टपालवाल्याला विचारा."

"भाडं घेतलं त्याने?"

"फेकलं माझ्या अंगावर."

"तू काही लिहून दिलं होतंस?"

"दरवर्षी. त्यावर सॉसेज भाजून खाल्ले त्याने."

"हे शेवटचं मी ऐकलं नाही," वासिलियू बाई म्हणाल्या. "पेन खाली ठेव, लोर्ना. या राज्यात दुसऱ्याची जागा त्याच्या परवानगीशिवाय, उघड्यावर, सलग पंधरा वर्षं आपली म्हणून वापरली, आणि त्याने कोर्टात जाऊन हुसकावलं नाही, की त्याचा हक्क संपतो. जागा तुझी. त्याने एकदा 'राहा' म्हटलं असतं, एक डॉलर भाडं खिशात टाकलं असतं किंवा जागा त्याची असं कबूल करणारा तुझा एक अर्ज जपून ठेवला असता, तर तू पाहुणी ठरली असतीस. पाहुण्याला उठवता येतं. तो कागद त्यासाठीच आहे, काय हो क्रेग?"

क्रेगचे कान लाल झाले. "ही लूट आहे," तो म्हणाला. "म्हातारा माणूस घसा फोडून नको नको म्हणत होता."

"म्हणत होता ना. नुसतं म्हणून भागत नाही. बिचाऱ्याला कायदा माहीत नव्हता, त्याला कोण काय करणार?"

"काकाला?" क्रेग उसळून म्हणाला. "मेलबर्नला चाळीस वर्षं जमीन नोंदणीच्या कचेरीत काढली त्याने. नवीन लागलेल्यांना हा कायदा तोच शिकवायचा."