झाकली मूठ

चित्रकार गेला, पण चित्रांतली त्याची बायको अमर झाली. साठ चित्रं, साठांत तीच, आणि एकाही चित्रात तिचा उजवा हात नाही! कधी उशीखाली, कधी पाठीमागे, कधी चक्क मांजराखाली. त्या हातावर जाणकारांनी तीन जाडजूड ग्रंथ लिहिले; एकाने तर तो लाकडाचा असल्याचंही सिद्ध केलं.

गाजलेल्या चित्रांतल्या बायका आज कशा दिसतात, याचं एका फोटोग्राफर पोरीचं प्रदर्शन या हातावाचून अडलं होतं. समोर चित्रांतली ती बायको, म्हणजे आताच्या आजी, अशा बसल्या होत्या, की साध्या खुर्चीचं सिंहासन झालं होतं.

"आजी, तुम्हाला हवं तसं बसा. फक्त उजवा हात दिसू दे."

"पन्नास वर्षं झाकलाय गं. ह्यांना शब्द दिला होता."

"पण का?"

आजींनी आतल्या दाराकडे पाहिलं, जणू 'हे' अजून आत ऐकतच होते. "ह्यांना हात काढताच यायचे नाहीत. बोटं म्हणजे मुळ्याची जुडी! मग मी डावा समोर धरायचे आणि माझा मीच रंगवायचे."

"मग उजवाही रंगवायचा की!"

"अगं वेडे," म्हणत आजींनी उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला, "ह्यात ब्रश असायचा ना!"